पूर्वेकडची घळ

ऑटावा
११ फेब्रुवारी १९८६

धाकटे,

माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मुलीने काल विचारलं, "साठ वर्षांच्या आत्याला तू 'धाकटी' म्हणून पत्र कसं लिहितोस?" मी तिला सांगितलं की आत्याचा थोरला भाऊ पुटुलिक वारला, त्याचं नाव मला ठेवलं, म्हणून आमच्यात मी तिचा दादा आणि ती माझी धाकटी बहीण. ती म्हणाली, "मग ती तुझं सगळं ऐकत असेल."

आता कामाचं. नकाशाच्या कार्यालयात लागल्याला मला दोन वर्षं झाली. एवढे दिवस दुसऱ्यांच्या कागदांवर शिक्के मारले, आता पहिल्यांदा माझ्या हातात काही आलंय. अक्पालिक बेटावर एक पुस्तिका काढायची आहे. अर्ध्या भागात जमीन, कडे, पाणी, भरती-ओहोटी. अर्ध्या भागात पक्षी आणि प्राणी. आमचे प्रिंगलसाहेब विमानातून बेटावरून दोनदा गेलेत, उतरले कधीच नाहीत. मी त्यांना म्हटलं, माझी आत्या तरुणपणी दर उन्हाळ्याला तिथे जायची.

सोबत नकाशा आणि एक्केचाळीस प्रश्नांचा तक्ता पाठवतो आहे. प्रत्येक प्रश्नापुढे उत्तर लिहायचं. रागवायचं नाही.

तुझा दादा,
पुटुलिक

*

इकालुलिक
६ मार्च

दादा,

तुझी अक्षरं वाकडी झाली आहेत. आपली लिपी तुला मीच शिकवली, त्यामुळे लाज मला वाटली.

नकाशा चादरीएवढा आहे. जमिनीवर पसरला तर स्टोव्हपासून दारापर्यंत पाय ठेवायला जागा उरली नाही. मार्कुसी पाण्याची गाडी बाहेर लावून चहाला आत आला तो बूट घालून थेट बेटावर उभा राहिला. छत्तीस वर्षांचा झाला माझा मुलगा, पण खाली बघून चालणं अजून आलं नाही. ओला डाग पडलाय तो तळं नाही, हे साहेबांना सांग.

तक्त्याच्या पहिल्याच ओळीत 'निर्मनुष्य बेट' असं लिहिलंय. कोणी पोरकं असल्यासारखं. तिथे माणसं राहत नाहीत कारण ती जागा माणसांनी राहायची नाही. उन्हाळ्यात जायचं, हवं तेवढं घ्यायचं आणि परत यायचं. तिथे राहणारे राहतातच.

आता तुझी उत्तरं. बेट उपड्या पातेल्यासारखं आहे. वर सपाट, नुसते चुनखडीचे दगडगोटे, चालताना बुटांचे तळ खाणारे. चारी बाजूंनी सरळ कडे. तुमच्या नकाशात पश्चिमेचा किनारा रुंद पांढरा दाखवलाय. विमान आलं तेव्हा ओहोटी असणार. भरती आली की तिथे दहा माणसं एकावर एक उभी राहतील एवढं पाणी चढतं आणि कड्याला टेकतं. तिथे होडी लावणाऱ्याला कडा चढता आला पाहिजे, नाहीतर पोहता.

अक्पा पक्षी किती, असं विचारलंय. पाठ काळी, पोट पांढरं, उडायला लागले की दगड फेकल्यासारखे. कड्याच्या प्रत्येक कपारीत खांद्याला खांदा लावून बसतात. घरटं नाही, काही नाही. दगडावर एकच अंडं, एका टोकाला निमुळतं, धक्का लागला तर गोल फिरतं पण खाली पडत नाही. पिल्लू तीन आठवड्यांचं झालं की पंख फुटायच्या आत कड्यावरून समुद्रात उडी मारतं, आणि बाप त्याच्या मागोमाग. आई वरच राहते. खाली कोल्हे वाट बघत असतात. ज्याची उडी आखूड पडली, तो त्यांचा. संख्या मला येत नाही. तुझे वडील होडीतून एकदा म्हणाले होते, "यांच्या आवाजात आपलं भांडणसुद्धा ऐकू येत नाही." तेवढे आहेत.

प्रश्न नववा, अस्वलं किती. मी मोजली नाहीत. त्यांनीही मला मोजलं नाही.

ठिकाणांची बावीस नावं नकाशावर लिहिली आहेत. पूर्वेच्या बाजूला मोठी घळ आहे, तिथे काही लिहिलेलं नाही. ती जागा कोरी राहू दे.

तुझी धाकटी,
सालुमी

*

ऑटावा
२ एप्रिल

धाकटे,

बावीस नावं पाहून प्रिंगलसाहेब खुर्चीतून उठले. मग बसले आणि म्हणाले, "आणि ही घळ?" मी म्हटलं, आत्या म्हणते कोरी राहू दे. ते म्हणाले, "नकाशा कोरा ठेवण्यासाठी सरकार पगार देत नाही."

खरी अडचण पुढे आहे. पश्चिमेचा किनारा तू खोडलास म्हणून साहेबांनी आता तीच घळ निवडली आहे. जुलैमध्ये तीन विद्यार्थी पक्षी मोजायला तिथे तळ टाकणार. फोटोत घळ सुरेख दिसते. कड्यातून थेट समुद्रापर्यंत उतार, मधून गोड्या पाण्याचा ओढा, तंबूला सपाट जागा. मी दुभाषा आणि वाटाड्या म्हणून त्यांच्याबरोबर जाणार आहे. आपल्या गावातलं कोणी या कार्यालयातर्फे अशा कामाला जाण्याची ही पहिलीच वेळ.

नाव मिळालं नाही तर साहेब त्या घळीला स्वतःच्या सासऱ्यांचं नाव देणार आहेत. ते दंतवैद्य होते.

पुटुलिक

*

इकालुलिक
२४ एप्रिल

दादा,

घळीत तळ टाकू नका. उत्तरेला कड्याच्या पायथ्याशी दगडाची एक पायरी आहे, भरतीच्या पाण्यापासून उंच. मी तिला 'कोरडी कपार' लिहिलंय. तिथे राहा. पाणी लांबून आणावं लागतं, तर आणा. शिकलेल्या मुलांना हात असतात.

त्या घळीतून अस्वलं उतरतात. सांगितलं. आता पुन्हा विचारू नकोस.

दंतवैद्याचं नाव देणार असतील तर देवोत. त्यांनाही तिथे झोपू देऊ नका.

सालुमी

*

ऑटावा
१३ मे

धाकटे,

तुझ्या चार ओळी मी साहेबांसमोर ठेवल्या. त्यांनी विचारलं, "तुमच्या आत्याने तिथे अस्वलं किती वेळा पाहिली? कोणत्या महिन्यात? किती?" तू ते लिहिलंच नव्हतंस. त्यांनी फाईलवर लिहिलं, 'ऐकीव माहिती, आधार नाही.' ते वाक्य मलाच इंग्रजीतून आपल्या भाषेत करून दुसऱ्या फाईलला लावावं लागलं. तुला कल्पना आहे का मला कसं वाटलं असेल?

अस्वलं बेटावर आहेतच, हे तुझ्या नवव्या उत्तरावरून कळतं. मग हीच घळ का? पक्ष्याच्या अंड्यावर तू पान भरून लिहितेस. कोल्ह्यावर लिहितेस. मार्कुसीच्या बुटांवरही लिहितेस. आणि जिथे मला तीन विद्यार्थी घेऊन उतरायचं आहे त्या जागेबद्दल एक ओळ. मी काय समजायचं? ज्याचं नाव मला ठेवलं तो दादा त्या बेटावरच्या कड्यावरून पाय घसरून गेला असं गावी सगळे सांगतात, म्हणून तुला तो सगळा भागच नकोसा वाटतो, असं मी धरून चाललो आहे. ते मला कळतं. पण दुःखाला फाईलमध्ये रकाना नसतो.

रविवारी मी गावच्या दुकानातल्या फोनवर बेटावर होडी नेणाऱ्या याका काकांशी बोललो. ते हसले, मग म्हणाले, "तुझ्या आत्याला विचार." सगळ्यांची गाडी येऊन तुझ्याच दारात थांबते.

स्पष्ट लिही. आम्ही पंचवीस जूनला निघतो.

पुटुलिक

*

इकालुलिक
९ जून

दादा,

हे पत्र मी तीनदा लिहून स्टोव्हमध्ये टाकलं. हे चौथं. हेही टाकायच्या आत पाकीट चिकटवणार आहे, म्हणून चुका तशाच ठेवते.

पस्तीस वर्षं झाली. जुलै महिना. मी पंचवीस वर्षांची, मार्कुसी एका वर्षाचा, माझ्या अंगरख्याच्या पाठीवरच्या झोळीसारख्या टोपीत. माझा नवरा तुमासी, मी आणि दादा, म्हणजे तू. तुमासीच्या भावाने, याकाने, आम्हाला होडीतून सोडलं आणि दहा दिवसांनी येतो म्हणाला. अंडी गोळा करायची होती, कुत्र्यांसाठी वॉलरस मारायचा होता.

दादाने तंबू कोरड्या कपारीवर लावला. तिथून ओढा इतका लांब की सकाळी निघालं तर दुपारी परत. पाणी आणणं माझ्याकडे. पाठीवर मूल, हातात दोन भांडी, पायाखाली शेवाळ. तीन दिवस आणलं. चौथ्या दिवशी मी भांडी आपटली. म्हटलं, घळीत सपाट जागा आहे, दारात ओढा आहे, तिथे का नाही राहायचं?

दादा म्हणाला, "ती त्यांची वाट आहे. बर्फ गेला की सगळी अस्वलं बेटावर अडकतात. वर पठारावर झोपतात, भूक लागली की खाली किनाऱ्यावर येतात. कडा त्यांनाही उतरता येत नाही. ती एकच वाट आहे."

मी म्हटलं, "तुझ्या पाठीवर मूल नाही, म्हणून तुला सगळं सोपं." आणखीही म्हटलं. त्याला मूल नव्हतंच, बायको बाळंतपणात गेली होती, आणि मला ते माहीत होतं. दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्याने काही न बोलता तंबू सोडला आणि घळीत नेऊन लावला.

दुसऱ्या सकाळी मी ओढ्यावर होते. तुमासी बंदूक घेऊन किनाऱ्याने गेला होता. मी वाकून भांडं भरत होते. मार्कुसी माझ्या मानेमागे हसायला लागला. कोणी ओळखीचं दिसलं की हसायचा तसा. मी वळून पाहिलं. ते घळीतून सावकाश उतरत होतं, घाई काहीच नव्हती. दादा तंबूतून अनवाणी बाहेर आला, हातात हार्पूनची नुसती काठी. तो माझ्या आणि त्याच्या मध्ये येऊन उभा राहिला. मला म्हणाला, "पाण्यात जा." मी मूल घेऊन समुद्रात छातीपर्यंत गेले. पुढचं मी पाहिलं नाही. ऐकलं.

तुमासीने येऊन अस्वल मारलं. उशीर झाला होता. आम्ही दोघांनी दादाला वर पठाराच्या कडेला दगडांखाली ठेवलं.

याका होडी घेऊन आला तेव्हा मी तुमासीच्या आधी बोलले. म्हटलं, अंडी काढताना पाय घसरला. तुमासीने माझ्याकडे पाहिलं. मरेपर्यंत त्याने तो विषय काढला नाही. गाव म्हणालं असतं, हिने हट्ट केला आणि भावाला गिळलं. खरंच म्हणालं असतं. मार्कुसीला मी काय सांगणार होते, की तुझ्या आईला पाणी उचलायचा कंटाळा आला म्हणून मामा गेला?

नऊ वर्षांनी तू जन्मलास. तुझ्या आईने नाव काय ठेवू विचारलं तेव्हा मी कोणाला बोलू दिलं नाही.

आता तुझ्या साहेबांना सांग: एकदा, जुलैमध्ये, एक. घळीचं नाव हवं होतं ना, 'झोपू नये अशी घळ' लिहा. दादाला काय झालं ते पुस्तिकेत घालायचं नाही. मार्कुसीला सांगायचं नाही.

विमान आज येणार आहे म्हणतात.

सालुमी

*

अक्पालिक
१० जुलै

धाकटे,

तुझं उत्तर निघेपर्यंत आलं नाही. धुक्यामुळे तीन आठवडे तुमच्याकडे विमान उतरलं नाही, असं कळलं. कदाचित तू लिहिलंच नसशील. हे पत्र सामान घेऊन आलेल्या हेलिकॉप्टरच्या माणसाकडे देतो आहे.

आम्ही पाच तारखेला घळीत उतरलो. साहेबांचा हुकूम होता. तंबू लागले, स्टोव्ह पेटला. डेनिस नावाचा मुलगा ओढ्याचं पाणी पिऊन म्हणाला, "तुझ्या आत्याला इथे काय आवडलं नाही?" मी वर चढून बघायला गेलो. घळीच्या मधोमध शेवाळात एक वाट होती. पायऱ्यांसारखे खळगे, एकापुढे एक, माझा बूट आडवा मावेल एवढे. प्रत्येक जनावर आधीच्याच पावलात पाय ठेवत गेलेलं. दगडांना पांढरे केस. ओढ्याजवळ तंबूभोवती ठेवतात तसे दगड गोलात मांडलेले, एका बाजूने विस्कटलेले.

खरं सांगू, मला तुझा भयंकर राग आला होता. मग मनात आलं, जी बाई चहाला रंग आला नाही म्हणून तासभर बोलते, ती या एका जागेबद्दल बोलत नाही. तुझं बोलणं मी सव्वीस वर्षं ऐकतो आहे, बरंचसं सोडूनही देतो. तुझं गप्प बसणं सोडून देता येईना.

खाली येऊन तंबू सोडायला सांगितलं. मुलं चिडली. साहेब वायरलेसवर म्हणाले, "तुम्ही दुभाषे आहात, पुढारी नाही." मी म्हटलं, "मग मी नुसता दुभाषा म्हणून सांगतो, वाट बघून सांगतो, आम्ही हलतोय." ते म्हणाले, परत आल्यावर बोलू. त्याचा अर्थ मला कळतो.

आता आम्ही कोरड्या कपारीवर आहोत. पाणी आणायला अर्धा दिवस जातो. डेनिस माझ्याशी बोलत नाही. काल सकाळी एक मादी आणि दोन पिल्लं त्या वाटेने उतरली. आमच्या तंबूंच्या जागी थांबली, मागे राहिलेली लाकडी पेटी उघडली, म्हणजे फोडली, आणि किनाऱ्यावर गेली. तिच्यानंतर संध्याकाळपर्यंत आणखी तीन. आम्ही दुर्बिणीतून पाहिलं. डेनिस अजूनही बोलत नाही, पण आज पाणी आणायला तोच पहिला उठला.

तुला एकच विचारायचं आहे. पाय कड्यावरून घसरला, तर ते दगड ओढ्याजवळ कोणी विस्कटले?

पुटुलिक

*

ऑटावा
१९ ऑगस्ट

धाकटे,

तुझं नऊ जूनचं पत्र माझ्या टेबलावर माझी वाट बघत पडलं होतं.

मी ते दोनदा वाचलं. मग त्या शेजारच्या मुलीने मला पाणी आणून दिलं.

आधी कामाचं सांगतो, म्हणजे बाकीचं लिहिता येईल. माझी नोकरी आहे. मुलांनी अहवालात अस्वलांची वाट आपणहून लिहिली. साहेबांनी पुस्तिकेतून 'ऐकीव' हा शब्द काढला, माझ्याकडे न बघता. 'झोपू नये अशी घळ' हे नाव नकाशाला लांब होतं म्हणाले. मी म्हटलं, सासऱ्यांचं नाव मोजून बघू या, आणि मोजलं. आपलं आखूड निघालं. दादाबद्दल त्यात अक्षरही नाही.

आता दुसरं. तू मला दादा म्हणतेस, मी कधी त्याचा फायदा घेतला नाही. आज घेतो. मी तंबू हलवला कारण मला हलवायचा होता. मी मोठा होतो, धोका मला माहीत होता, तुला नव्हता. दोन दिवसांच्या अबोल्याला मी कंटाळलो आणि चूक केली. ती माझी चूक आहे, तुझी नाही. तू मुलाला घेऊन पाण्यात गेलीस, मी सांगितलं ते ऐकलंस, आयुष्यात एकदा. पुरे झालं.

मार्कुसीला सांग. पाठीवर तो होता. ते त्याचंही आहे.

दादा

*

इकालुलिक
१७ सप्टेंबर

दादा,

पहिली गोष्ट, दादा इतकं गोड बोलत नव्हता. तो म्हणाला असता, "मी सांगितलं होतं." आणि आठवडाभर म्हणत राहिला असता. तू त्याचं नाव घेऊन मला फसवू नकोस. पण पत्र उशीखाली ठेवलंय.

दुसरी गोष्ट. मार्कुसीला सांगायचं म्हणून मी चार दिवस गेले त्याच्या मागे. कधी पाण्याच्या गाडीचा पाइप गोठलेला, कधी त्याची पोरं घरात. शेवटी शनिवारी दुपारी मी त्याच्या गाडीत जाऊन बसले आणि म्हटलं, चालव. तो म्हणाला, "कुठे?" म्हटलं, कुठेही, पण उतरायचं नाही. विमानतळाच्या रस्त्याने निघालो. मी समोरच्या काचेकडे बघून सगळं सांगितलं. भांडी आपटली तेही, दादाला मुलावरून बोलले तेही. एक शब्द सोडला नाही.

रस्ता संपला. त्याने गाडी थांबवली. मला वाटलं, आता हा मला इथेच उतरवणार.

मग म्हणाला, "आई, मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"सगळं. बाबांनी सांगितलं होतं. मी बारा वर्षांचा होतो. म्हणाले, आईला विचारू नकोस, ती सांगेल तेव्हा ऐकून घे."

मी विचारलं, "आणखी कोणाला माहीत आहे?"

तो म्हणाला, "कोणाला माहीत नाही ते सांगणं सोपं जाईल. नव्या पाद्र्यांना नसेल."

दादा, मी तुला सांगू शकत नाही मला किती संताप आला. पस्तीस वर्षं. प्रत्येक उन्हाळ्यात अंडी आणायला होड्या निघाल्या की मी पोट दुखतंय म्हणून घरात बसायचे, आणि बायका मला औषध आणून द्यायच्या. सगळ्यांना माहीत होतं माझं पोट दुखत नाही. औषध दिलं तरी. याकाच्या बायकोने तर दरवर्षी दिलं.

मी मार्कुसीला म्हटलं, "मग बोलला का नाहीस? एका शब्दाने का नाही बोललास?"

तो म्हणाला, "गोष्ट तुझी होती."

मी तशीच गाडीचा दरवाजा उघडून याकाकडे चालत गेले. एवढं अंतर मी दहा वर्षांत चालले नसेन. तो मासा चिरत बसला होता. मी त्याला होती नव्हती ती सगळी नावं ठेवली. तो चिरत राहिला. मी थांबले तेव्हा त्याने पोटाकडचा चांगला तुकडा माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाला, "त्या दिवशी होडीत तुझ्या कपड्यांवर मीठ वाळलेलं होतं, सालुमी. छातीपर्यंत पांढरं. कड्यावरून पडलेल्या माणसासाठी कोणी समुद्रात जात नाही."

पुढच्या जुलैत त्याच्या होडीत मला जागा ठेवली आहे, असं त्याने मला विचारण्याआधीच गावभर सांगितलं. मी अजून हो म्हटलेलं नाही. नवे बूट तेवढे शिवायला घेतले आहेत, तळ जाड ठेवून.

त्या रात्री झोपले ती दुसऱ्या दुपारी मार्कुसी पाणी भरायला आला तेव्हा उठले.

सालुमी